बोटभर ग्रीस

ज्याला पटेल त्याने खरं मानावं, ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं. माझी जबरदस्ती नाही. पण ही उडत उडत कानावर आलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली आहे, आणि ती सांगताना मामांच्या हातातल्या चहावर साय धरली होती. गार चहा दिला तर मामा कप परत पाठवतात. त्या दिवशी त्यांना हातात कप आहे याचाच पत्ता नव्हता.

सोमनाथमामांचं नाशकात, द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत गॅरेज आहे. जुन्या गाड्यांचे ब्रेक बांधावेत तर त्यांनीच, असं लोक म्हणतात. स्वभाव तापट. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही.

नव्हता, असं म्हणायला हवं.

गेल्या वर्षी पितृपक्षातल्या एका गुरुवारी हे सुरू झालं. आणि रात्री नाही. भुतं रात्रीच येतात असं ज्याने सांगितलं, त्याने कधी गॅरेज चालवलेलं नसणार. दिवेलागण व्हायची होती. बाहेर रिक्षावाल्यांचा कलकलाट चालू होता. रिझवान शटरजवळ उभा राहून चहा पीत होता आणि मामा आत हत्यारांची आवराआवर करत होते.

तेवढ्यात कामाच्या फळीवरून आवाज आला...

फुस्स...

मामांनी मान वर केली. कॉम्प्रेसर बंद होता. एकाही गाडीचं इंजिन चालू नव्हतं.

पुन्हा...

फुस्स...

आवाज सर्वोमधून येत होता.

सर्वो म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर मामा का दचकले ते कळायचं नाही. जुन्या विलायती गाडीच्या बॉनेटखाली पत्र्याचा एक गोल डबा असतो, घरातल्या डाळीच्या डब्याएवढा. आत रबरी पडदा. इंजिन चालू झालं की ते या डब्यातली हवा ओढून घेतं. मग ब्रेकवर पाय ठेवला की बाहेरची हवा फुस्सकन एका बाजूने आत घुसते, पडद्याला ढकलते आणि आपल्या पायाचा जोर कितीतरी वाढतो. म्हणजे तो आवाज व्हायला दोन गोष्टी लागतात. चालू इंजिन, आणि ब्रेकवर कुणाचा तरी पाय.

हा सर्वो गाडीतून काढून फळीवर ठेवलेला होता. त्याला नळी नव्हती, इंजिन नव्हतं, पेडलही नव्हतं.

एरवी मामांनी लगेच रिझवानला हाक मारली असती. पण त्या दिवशी मामा रिझवानशी बोलत नव्हते.

रिझवान हा रहेमानभाईंचा मुलगा. रहेमानभाई म्हणजे मामांचे उस्ताद. मामा मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्याकडे शिकायला गेले आणि तिथेच राहिले. पुढे दोघांनी मिळून हे गॅरेज काढलं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात उस्ताद आजारपणात वारले, तेव्हापासून त्यांच्या जागी रिझवान उभा राहिला. मामांना तो चाचा म्हणतो. मामांच्या मांडीवर खेळलेला पोरगा. त्याच्या लग्नात मामा वरातीपुढे नाचलेत, मी स्वतः पाहिलंय.

उस्तादांचे काही नियम होते. ते गॅरेजमध्ये अजूनही चालतात.

ब्रेक तपासायचा तो अनवाणी. "जूता क्या समझेगा ब्रेक को," असं म्हणून ते चपला दाराबाहेर काढायचे आणि मगच गाडीत बसायचे. पेडल हळू दाबायचं, आणि सोडायचं त्याहून हळू.

दुसरा नियम, बोल्ट आवळला की बोल्ट आणि पत्रा यांच्यावरून मिळून एक पिवळी रेघ ओढायची. पुढे कुणी बोल्टला हात लावला तर रेघ तुटते.

आणि तिसरा नियम सगळ्यात मोठा. ज्याने ब्रेक बांधला, पहिली चक्कर त्याचीच, आणि तीही घरचं माणूस मागे बसवून. ज्या ब्रेकवर आपलं माणूस बसवायची छाती होत नाही, तो गिऱ्हाईकाला द्यायचा नाही. आमच्या मामीने या नियमापायी किती गाड्यांत धक्के खाल्लेत ते तिलाच माहीत. मामी मूळची देवळ्याची. ती म्हणते, "लोकाच्या बायका गाडीत बसून सिनेमाला जातात, मी ब्रेकला जाते."

तर त्याच आठवड्यात स्पेअरपार्टवाल्या कुंदनने मामांच्या कानात फुंकर घातली होती. "तुमचा रिझवान अंबडला गाळा बघतोय म्हणे. वेगळं काढतोय का काय?"

झालं. मामांचं डोकं फिरलं. विचारावं ना सरळ? नाही. विचारलं तर तो माणूस सोमनाथ कसला. त्यांनी अबोला धरला. हातोडी हवी तरी स्वतः उठून घ्यायची.

काम होतं निकिता मॅडमच्या गाडीचं. मॅडम गंगापूर रोडला राहतात. वडिलांनी हौसेने जपलेली जुनी विलायती मोटार, ते गेल्यापासून शेडमध्ये झाकून उभी. ब्रेक ऑइल कमी व्हायचं, पण गळती कुठेच दिसायची नाही. मामांनी लगेच ओळखलं. सर्वोत ब्रेक ऑइल अडवून धरणारं रबर गेलं होतं आणि इंजिन आतल्या आत ब्रेक ऑइल पीत होतं. मॅडमनी विलायतेहून नवं रबराचं किट मागवून दिलं. "पुढच्या मंगळवारी आईला घेऊन सापुताऱ्याला जायचंय, मी स्वतः चालवणार आहे," असं म्हणाल्या. म्हणजे घाट आला.

गुरुवारी दुपारी मामांनी सर्वो बांधायला घेतला. नवी रबरी रिंग जागेवर बसेना. तिला लाल ग्रीस लागतं, खास ब्रेकच्या रबराचं. ते होतं रिझवानच्या कपाटात. किल्ली रिझवानच्या खिशात.

आणि मामा रिझवानशी बोलत नव्हते.

समोर साध्या ग्रीसचा डबा होता. मामांनी बोटभर घेतलं, रिंगला लावलं, रिंग सर्रकन बसली. झाकण लावलं, बोल्ट आवळले, पिवळ्या रेघा ओढल्या. त्या संध्याकाळी तो आवाज आला.

मामांनी डबा हलवून पाहिला, कान लावला. काही नाही. पोराने काहीतरी खोडी केली असणार, असं म्हणून त्यांनी शटर ओढलं.

शुक्रवारी सकाळी शटर उघडलं आणि मामा दारातच थांबले.

सर्वो उघडा पडला होता.

बोल्ट एका ओळीत मांडलेले. सगळ्या पिवळ्या रेघा तुटलेल्या. आणि बाजूला एका पांढऱ्या फडक्यावर ती रबरी रिंग... एकटीच... कुणीतरी दाखवायला ठेवावी तशी.

फडकं उस्तादांच्या जुन्या सदऱ्याचं होतं. ते रिझवानच्या कपाटात असायचं. गॅरेजच्या किल्ल्या दोनच होत्या, एक मामांकडे आणि एक रिझवानकडे. मग मामांना दुसरं काय वाटणार?

रिझवान आला. फळीकडे पाहून म्हणाला, "चाचा, परत उघडलं? काही राहिलं होतं का?"

मामांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. काय साळसूदपणा! त्यांनी तीच रिंग पुन्हा बसवली, पुन्हा रेघा ओढल्या.

शनिवारी सकाळी...

पुन्हा उघडा. पुन्हा फडक्यावर रिंग. आणि या खेपेला रिंगेशेजारी लाल ग्रीसची डबी, झाकण काढून ठेवलेली.

दुसरा कुणी असता तर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असता. मामांच्या डोक्यात संताप चढला. म्हणजे हा कालचा पोरगा मला शिकवणार? बापाच्या जागी बसून माझ्या चुका काढणार? डबी त्यांनी रागाने कोपऱ्यात सरकवली. रिंग होती तशीच बसवली. आणि सर्वो पिशवीत घालून घरी नेला. बघू आता कसा उघडतो.

घरी स्वयंपाकघरातल्या मांडणीवर डबा ठेवलेला पाहून मामी म्हणाली, "पितरांचा पंधरवडा चाललाय आन तुम्ही हे काय अवजड घरात आणून ठिवलं?"

"पितरांना लागलं तर वापरतील," मामा म्हणाले.

रविवार गेला. सोमवार उजाडला. पिवळ्या रेघा जशाच्या तशा. एकही तुटलेली नाही. मामांची खात्री पटली. घरी आणला तर काही होत नाही, गॅरेजमध्ये ठेवला तर उघडतो. म्हणजे माणूस कोण ते सांगायला ज्योतिषी नको.

सोमवारी सकाळी त्यांनी सर्वो गाडीत चढवला आणि तपासला. इंजिन बंद ठेवून पेडल दाबत राहायचं, ते दगडासारखं कडक होतं. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल पायाखाली अलगद खाली गेलं म्हणजे सर्वो चालतोय.

पेडल गेलं खाली. अगदी बरोबर.

मामा जेवायला घरी गेले. परत आले तर रिझवान गाडीचं बॉनेट पुसत होता. गाडीपाशी एकटाच.

मामांच्या मनात पाल चुकचुकली. याने काही सैल केलं असेल तर? गाडी घाटात दगा देईल, नाव माझं जाईल, आणि गिऱ्हाइकं जातील अंबडच्या नव्या गाळ्यात. खरं तर बॉनेट उघडून पाहायला असा कितीसा वेळ लागतो? पण त्यांना ब्रेक तपासायचा नव्हताच. त्यांना माणूस तपासायचा होता.

तेवढ्यात रिझवानची बायको जिया डबा घेऊन आली. तिला सातवा महिना होता.

मामा बऱ्याच दिवसांनी बोलले. "रिझवान, आजची चक्कर तू घे. जियाला बसव मागे."

रिझवान हसला. "बांधला तुम्ही आणि चक्कर मी? अब्बांनी असं कधी चालू दिलं असतं का?"

"का? भीती वाटते?"

मामा त्याच्या डोळ्यांत बघत होते. नाही म्हणाला की पकडला, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आणि हो म्हणाला तर काय, हा विचार त्यांनी पुरता होऊच दिला नाही. 

रिझवानने खांदे उडवले. "तुमच्या हातचा ब्रेक आहे चाचा. भीती कसली?" चपला काढून तो गाडीत बसला. जिया मागे बसली, डबा मांडीवर घेऊन.

मामा स्कूटर घेऊन मागोमाग निघाले. चक्कर ठरलेली असते. जुन्या नाशकातून वळसा घेत गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणारा रस्ता. चांगलाच तिरका उतार, आणि खाली भाजीवाल्या बायकांच्या पाट्या. तो उतार गाडीने सुखरूप उतरला की काम पास.

गाडी सपाटीवर नीट चालली. वळणावर नीट वळली. उताराच्या तोंडाशी आली...

आणि थांबली.

मागचे लाल दिवे लागले. चाकं जागच्या जागी आवळली गेली, टायर किंचाळले आणि इंजिन बंद पडलं. मामांनी स्कूटर तशीच टाकली आणि धावले. म्हटलं, घाबरला! शेवटी घाबरलाच!

रिझवान दार उघडून बाहेर आला होता. दोन्ही हात वर. चेहरा पांढराफटक.

"चाचा... मी पाय लावलाच नाही."

मामांनी आत पाहिलं. ड्रायव्हरच्या जागी कुणी नव्हतं. ब्रेकचं पेडल मात्र पार खाली गेलेलं. दिवे लागलेलेच.

आणि बॉनेटखालून, बंद इंजिनातून आवाज येत होता...

फुस्स...

फुस्स...

मागच्या सीटवरून जिया अगदी हळू आवाजात म्हणाली, "हे बाहेर आहेत ना? मग पुढे श्वास कोण घेतंय?"

मामांच्या पाचावर धारण बसली. तरी वाकून त्यांनी पेडलखाली हात घातला आणि वर उचलायला पाहिलं. अडकलेलं पेडल हाताला कळतं, मामांचं आयुष्य गेलंय त्यात. हे अडकलेलं नव्हतं. वरून कुणीतरी दाबून धरलेलं होतं. मामांनी दोन्ही हातांनी जोर लावला. वरचा भार तसूभर हलला नाही. उलट थोडा वाढला.

आणि पेडलचं रबर कोमट होतं. उघड्या पायाखाली होतं तसं.

त्या क्षणी मामांना पांढरं फडकं आठवलं. रिंग आठवली. झाकण काढून ठेवलेली लाल डबी आठवली. आणि बोटभर ग्रीस.

"ब्रेकच्या रबराला साधं ग्रीस म्हणजे मधातून विष, सोमनाथ," उस्ताद पहिल्या वर्षी म्हणाले होते. "लगेच नाही मारत. रबर फुगतं, मऊ पडतं, आणि ऐन वेळेला फाटतं."

मामा गुडघ्यावर होते. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. मामा खाली मान घालून पुटपुटले, "उस्ताद, साधं ग्रीस लावलं मी. मीच लावलं."

आवाज थांबला.

आणि पेडल वर आलं. झटक्याने नाही. हळू... अगदी हळू... दाबलं होतं त्याहून हळू.

गाडी टोइंगवाल्याकडून ओढत आणली. रिझवाननेच सर्वो उघडला. रिंग फुगून बेढब झाली होती, कडेला फाटली होती आणि पडद्याच्या मागे ब्रेक ऑइल साचलं होतं. उतारावर पहिल्याच जोराच्या ब्रेकला पेडल रिकामं गेलं असतं.

रिझवानने बोट फिरवून ग्रीसचा वास घेतला. 

मग म्हणाला, "लाल ग्रीस माझ्या कपाटात होतं, चाचा. मागितलं का नाही?"

मामांनी फाटलेली रिंग उचलून हातात घेतली.

"आणि जियाला बसवायला का सांगितलं?"

मामा रिंग खाली ठेवून हात धुवायला गेले.  अंबडचा गाळा जियाच्या शिवणकामासाठी बघितला होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं, तेही मामीकडून. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मामा, आणि इथे चोरही तेच होते.

मामीने आणखी एक गोष्ट सांगितली. "शनवारी आन रयवारी, दोन्ही दिवस सैपाकघरात फुस्स फुस्स चाललं होतं. मला वाटलं गॅस गळतोय. लय येळा रेग्युलेटर बंद केला. तुम्ही रागात होते, म्हणून बोलले नाय."

आता तुम्ही म्हणाल, चांगलंच झालं की. उस्तादांनी वाचवलं. मीही मामांना तेच म्हणालो.

मामा म्हणाले, "वाचवलं ते त्यांच्या सुनेला. माझं वेगळं आहे."

त्या दिवसापासून मामा कुठलाही ब्रेक बांधोत, मोठ्या गाडीचा असो की साध्या टेम्पोचा, काम झालं, हात धुतले, पाठ वळवली, की मागून आवाज येतो.

फुस्स...

कुणीतरी मामांचं काम तपासतं. रिझवानच्या कामाला तो आवाज कधीच येत नाही. फक्त मामांच्या. मामांनी इतके दिवस त्या पोरावर पाळत ठेवली, आता त्यांच्यावर पाळत आहे. रिझवान अजून तिथेच आहे, चाचाच म्हणतो. पण मामांनी बांधलेली गाडी निघाली की फडक्याला हात पुसत विचारतो, "आज मागे कोण बसणार, चाचा?" जिया मुलीला घेऊन येते, तेव्हा गॅरेजबाहेरच थांबते.

मामांना त्या आवाजाची सवय झाली होती. आवाज आला, मागून काही उघडलं गेलं नाही, म्हणजे काम बरोबर. मग निर्धास्तपणे गाडी द्यायची.

मागच्या आठवड्यात त्यांनी सातपूरच्या एका माणसाची जुनी जीप बांधली. लाल ग्रीस लावून, रेघा ओढून, सगळं नियमाने. हात धुतले. पाठ वळवली आणि थांबले.

काही नाही.

दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशीही.

काम इतकं चोख झालंय की तपासायची गरज उरली नाही? की उस्तादांनी नाद सोडला? की काही चुकलंय, आणि या वेळी ते सांगणारच नाहीत?

जीपचा मालक रोज फोन करतो. मामांनी ती जीप अजून दिलेली नाही. चक्करही घेतलेली नाही. काल मामीने पदर खोचून विचारलं, "चला, बसू का मागं?"

मामा नको म्हणाले.